विश्लेषण : एसी नवा, पण आउटडोअर जुन्याच जागी? युनिटची जागा केव्हा आणि कशी बदलावी?

दहा-बारा वर्षे चाललेला एसी काढून नवा बसवायचे ठरले की घरात चर्चा होते ती कंपनीची, स्टारची, टनाची आणि ऑफरची. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने रखडलेल्या खरेदीला निमित्तही मिळाले. मात्र एसी बसवायला आलेला मेकॅनिक ऐनवेळी एक प्रश्न विचारतो आणि बहुतेक घरांत त्याला फारसा विचार न करता होकार मिळतो. ‘आउटडोअर जुन्याच स्टँडवर बसवू ना?’

वीजबिल किती येणार, मे महिन्याच्या दुपारी खोली थंड होणार की नाही, कॉइल किती वर्षे टिकणार आणि दुरुस्तीला येणारा माणूस सुखरूप परत जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी या होकारावर ठरते. जुनी जागा योग्य असेल तर प्रश्नच नाही. ती चुकीची असेल, तर पंचतारांकित एसीही जुन्याच दुखण्यांनी आजारी पडतो. म्हणून ही जागा कशी तपासावी, बदलायची तर काय पाहावे आणि कामाच्या दिवशी कशावर लक्ष ठेवावे, याचा आढावा.

आउटडोअर युनिट नेमके करते काय?

एसी थंडावा ‘तयार’ करत नाही. तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. उचलण्याचे काम इनडोअर युनिटचे, टाकण्याचे काम आउटडोअरचे. दोघांमध्ये तांब्याच्या पाइपमधून फिरणारा गॅस हा हमाल.

थोडे गणित केले की हे काम किती मोठे आहे ते कळते. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. त्यासाठी तो साधारण दीड किलोवॅट वीज वापरतो आणि त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे आउटडोअर युनिटला पावणेसात किलोवॅटच्या आसपास उष्णता हवेत सोडावी लागते. दोन किलोवॅटचे तीन गिझर एकदम सुरू ठेवल्यावर जितकी उष्णता निघेल, त्याहून थोडी जास्तच.

एवढी उष्णता वाहून न्यायला पंख्यातून दर सेकंदाला साधारण अर्धा घनमीटर हवा जावी लागते. गच्चीवरच्या ५०० लिटरच्या पाण्याच्या टाकीत मावेल तेवढी हवा, तीही दर सेकंदाला. चार फूट रुंद, पाच फूट लांब आणि नऊ फूट उंच ड्राय बाल्कनीत जेमतेम पाच घनमीटर हवा असते. बाल्कनी काचेने बंद केलेली असेल तर तिथली सगळी हवा दहा सेकंदांत युनिटमधून एकदा फिरून येते. पुढच्या दहा सेकंदांत तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. एसीचे बिघडते ते इथे.

गरम हवेने बिघडते काय?

एसीची छापील क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजलेली असते. युनिटभोवतीची हवा याहून गरम असेल, तर गॅसला उष्णता सोडण्यासाठी अधिक दाबाखाली काम करावे लागते. कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो, वीज जास्त लागते आणि थंडावा मात्र कमी मिळतो.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हे आपोआपच घडते. त्याला इलाज नाही. पण पुण्यात बाहेर ३८ अंश असताना बंद बाल्कनीतल्या युनिटभोवती ४८ अंश झाले असतील, तर तो एसी कागदावर पुण्यात आणि प्रत्यक्षात चंद्रपूरच्या भर दुपारी चालतो. तापमान फारच वाढले की यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्रेसरचा वेग उतरवते किंवा तो बंदच करते. घरच्यांना वाटते, गॅस संपला. मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेतो. पुढच्या आठवड्यात तक्रार तीच.

जुनी जागा चुकीची आहे, हे कसे ओळखावे?

त्यासाठी इंजिनीअर असण्याची गरज नाही. जुना एसी काढण्याआधीच काही खुणा पाहता येतात. सकाळी आणि रात्री एसी नीट थंड करतो, पण दुपारी दोन ते पाच या वेळेत ढेपाळतो, असे असेल तर युनिटला हवा पुरत नसण्याची शक्यता मोठी. त्याच्या समोर भिंत, काच, बंद ग्रिल किंवा कपडे वाळत घालण्याचे स्टँड आहे का, ते पाहावे. नव्या इमारतींत दर्शनी भाग सुबक दिसावा म्हणून युनिटसमोर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची जाळी लावतात. पट्ट्या दाट आणि खाली झुकलेल्या असतील, तर गरम हवा आदळून मागे फिरते.

इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये एकाखाली एक युनिट टांगलेली असतील, तर प्रश्न वेगळा असतो. गरम हवा वर चढते. खालच्या मजल्यांवरच्या युनिटनी सोडलेली उष्णता वरच्यांच्या वाट्याला येते. हाँगकाँगमधील उंच निवासी इमारतींत हा प्रकार १९९०च्या दशकापासून अभ्यासला गेला आहे. मुंबई-ठाण्याच्या टॉवरमधील वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांना तो अनुभवाने माहीत आहे.

किनाऱ्यालगत आणखी एक भर पडते. मुंबई, कोकण आणि गोव्यात समुद्राकडून येणारी खारी हवा कॉइलच्या ॲल्युमिनियम पट्ट्या आणि लोखंडी स्टँड दोन्ही खाते. नाल्याच्या किंवा खाडीच्या कडेला दुर्गंधीयुक्त वायू तांब्याला लागतो आणि कॉइलला बारीक गळती सुरू होते. वारंवार कॉइल फुटत असेल, तर दोष केवळ कंपनीचा असेलच असे नाही. जागेचाही असू शकतो.

जागा बदलायला हीच वेळ का?

चालू एसीचे केवळ आउटडोअर हलवायचे म्हटले, तर गॅस युनिटमध्ये गोळा करावा लागतो, पाइप सोडवावे लागतात, नवे पाइप जोडून हवा काढावी लागते आणि गॅस पुन्हा सोडावा लागतो. नवा एसी बसवताना यातील बहुतेक कामे तशीही होणारच असतात. जागा बदलण्याचा वेगळा खर्च राहतो तो जादा पाइप, वायर, नवे स्टँड आणि भिंतीतल्या नव्या भोकाचा.

दुसरे असे, की नवे युनिट जुन्या चौकटीत बसेलच याची खात्री नसते. जास्त स्टारच्या एसीत कॉइल मोठी असते, त्यामुळे आउटडोअरही बऱ्याचदा आकाराने मोठे येते. दहा वर्षांपूर्वी नेमक्या मापाने केलेल्या कोनाड्यात ते कसेबसे घुसते आणि मागच्या बाजूला बोटभरही फट उरत नाही. म्हणून खरेदी करण्याआधीच मोजपट्टी घेऊन जागा मोजावी आणि युनिटची लांबी-रुंदी-उंची माहितीपत्रकात पाहून घ्यावी.

आजूबाजूला किती जागा मोकळी हवी, याचा आकडा प्रत्येक मॉडेलच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तोच अंतिम मानावा. साधारणपणे हवा आत घेण्याच्या मागच्या बाजूला १० ते ३० सेंटिमीटर, हवा फेकण्याच्या पुढच्या बाजूला किमान दोन-अडीच फूट आणि व्हॉल्व्ह असलेल्या बाजूला पाना फिरवता येईल एवढी जागा लागते. समोर जितके मोकळे, तितके चांगले.

जुने तांब्याचे पाइप चालतील का?

भिंतीच्या आत पाइप टाकलेले असतील तर हा प्रश्न कळीचा ठरतो, कारण नव्या पाइपसाठी प्लास्टर फोडावे लागते. याचे उत्तर जुन्या एसीत कोणता गॅस होता, यावर अवलंबून आहे.

जुन्या एसींमध्ये आर-२२ हा गॅस असे. तो ओझोनच्या थराला मारक असल्याने माँट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्याने हद्दपार होत असून १ जानेवारी २०२५ पासून भारतात नवी उपकरणे बनवताना त्याचा वापर बंद झाला आहे. सध्याच्या बहुतांश घरगुती एसींत आर-३२ असतो, काहींत आर-४१०ए किंवा आर-२९०.

आर-२२च्या तुलनेत आर-३२चा दाब जवळपास १.६ पट असतो. जुन्या पाइपची भिंत पातळ असेल किंवा सांधे कमकुवत असतील, तर ते इथे उघडे पडतात. शिवाय आर-२२सोबत खनिज तेल वापरले जाई. नव्या गॅससोबतचे तेल कृत्रिम असते आणि ते हवेतील ओलावा झटकन शोषते. जुन्या तेलाचा थर, कॉम्प्रेसर जळला असेल तर त्याची काजळी आणि आम्ल, हे सगळे जुन्या पाइपमध्ये राहिलेले असू शकते.

त्यामुळे नवे पाइप टाकणे हाच सुरक्षित मार्ग. भिंत फोडणे शक्यच नसेल तर पाइपचा व्यास आणि जाडी नव्या युनिटच्या मापाशी जुळते का, आतून सफाई करता येईल का आणि नायट्रोजनच्या दाबाखाली ते टिकतात का, हे तिन्ही तपासूनच निर्णय घ्यावा. एक टनाला आणि दीड टनाला जाड पाइपचे माप बहुधा वेगळे असते. टन वाढवताना जुने पाइप तसेच ठेवले, तर अडचण तिथेच सुरू होते. पाइप ठेवले तरी टोकाचे जुने फ्लेअर कापून नवे करायलाच हवेत.

पाइप किती लांब नेता येतो?

आउटडोअर खिडकीखालून काढून गच्चीवर नेले की हवा उत्तम मिळते, पण पाइप लांबतो. लांब पाइपमध्ये घर्षणाने दाब पडतो, म्हणजे गॅसची हमाली वाढते. किती लांबी आणि किती उंची चालेल याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. ती ओलांडली तर कॉम्प्रेसर बिघडल्यावर वॉरंटीचा वाद होऊ शकतो.

कारखान्यातून युनिटमध्ये भरून येणारा गॅस ठरावीक लांबीच्या पाइपपुरता असतो. त्यापुढे दर मीटरला काही ग्रॅम गॅस वाढवावा लागतो. पाव इंची पाइपसाठी अनेक मॉडेलना तो साधारण १५ ते २० ग्रॅम असतो. पाच मीटर जादा पाइपला ७५ ते १०० ग्रॅम. हा गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरायचा असतो. ‘हाताला पाइप गार लागला, झाले’ हा हिशेब नव्या इन्व्हर्टर एसीला चालत नाही.

पाइप फार आखूडही नसावा. अनेक कंपन्या सुमारे तीन मीटरची किमान लांबी सांगतात, कारण त्याहून आखूड पाइपमधून कॉम्प्रेसरचा आवाज आणि कंप थेट खोलीत येतो. दोन्ही पाइपना सलग इन्सुलेशन हवे आणि गच्चीवर ते उन्हाने भुगा होणार नाही यासाठी वरून टेप किंवा आवरण हवे. आउटडोअर बरेच उंचावर असेल, तर तेल कॉम्प्रेसरकडे परतावे म्हणून उभ्या पाइपला वळसा द्यावा लागतो का, तेही मॅन्युअलमध्येच पाहावे.

गच्ची, बाल्कनी, डक्ट की बाहेरची भिंत?

गच्चीवर हवा मुबलक आणि दुरुस्तीला उभे राहायला जागा, हे मोठे फायदे. तोटा लांब पाइपचा आणि उन्हाचा. उन्हाची भीती मात्र थोडी वाढवून सांगितली जाते. युनिटवर सावली असल्यास फायदा होतो, पण तो मर्यादित. त्या सावलीसाठी चारही बाजूंनी पत्रा ठोकून वारा अडवला, तर नुकसान फायद्याहून मोठे. छप्पर घालायचेच तर वर पुरेसे अंतर ठेवून फक्त माथ्यावर घालावे. गच्चीवर युनिट थेट लादीवर ठेवू नये. रबरी पॅडसह स्टँडवर घ्यावे, म्हणजे पावसाचे पाणी तुंबले तरी ते बुडत नाही आणि वॉटरप्रूफिंगलाही धक्का लागत नाही.

उघडी बाल्कनी हा शहरी फ्लॅटसाठी बहुधा सर्वांत समंजस पर्याय. मेकॅनिक घराच्या आत उभा राहून काम करू शकतो. अट एकच, युनिटचे तोंड बाहेरच्या दिशेला हवे आणि समोर अडथळा नको. कठडा भिंतीचा असेल तर युनिट स्टँडवर उचलून हवा कठड्याच्या वरून जाईल असे करावे. बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत गॅस गिझर असेल तर तिथे आउटडोअर नकोच. आर-३२ किंचित आणि आर-२९० चांगलाच ज्वलनशील आहे. दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास बंद जागेत तळाशी साचतात.

डक्टमध्ये ठेवण्यावाचून पर्याय नसेल, तर समोरासमोरच्या युनिटची तोंडे एकमेकांवर येऊ नयेत. एकाने फेकलेली गरम हवा दुसऱ्याने ओढायची, असा खेळ दोघांचेही बिल वाढवतो. जिना, सामायिक मार्ग आणि रेफ्युज एरिया या जागा आगीच्या वेळी माणसे बाहेर पडण्यासाठी असतात. तिथे युनिट ठेवता येत नाही.

बाहेरच्या भिंतीवर टांगण्यात धोका किती?

दिल्लीच्या करोल बाग भागात ऑगस्ट २०२४ मध्ये इमारतीवरून एसीचे आउटडोअर युनिट खाली कोसळले. दुचाकीवर बसलेल्या १८ वर्षांच्या तरुणाचा त्यात मृत्यू झाला आणि शेजारी उभा असलेला त्याचा मित्र जखमी झाला. दीड टनाच्या आउटडोअरचे वजन साधारण २५ ते ३५ किलो असते. तिसऱ्या मजल्यावरून ते पडले तर खालच्याला हालचालीलाही वेळ मिळत नाही.

नवा एसी जुन्याच अँगलवर चढवताना बहुतेक वेळा रंगाचा एक हात मारला जातो. पण गंज दिसतो त्याहून आत असतो. अँगल भिंतीत धरून ठेवणारे फास्टनर दहा पावसाळे झेललेले असतात आणि युनिटचा रोजचा कंप त्यांना सैल करत असतो. जुना अँगल पुन्हा वापरण्यातून वाचणारे पैसे एकूण खर्चात किरकोळ आहेत. नवे, जाड, गंजरोधक स्टँड आणि नवे फास्टनर घ्यावेत. ते पोकळ किंवा ठिसूळ विटेत न घेता भक्कम भिंतीत बसवावेत. मात्र त्यासाठी किंवा पाइपच्या भोकासाठी बीम, कॉलम किंवा स्लॅबला कोअर कटिंग करू देऊ नये. आतली सळई कापली गेली की नुकसान एका घराचे राहत नाही, इमारतीचे होते.

युनिट सुरक्षित टांगले तरी अर्धाच प्रश्न सुटतो. दरवर्षी सर्व्हिसिंगला येणारा माणूस तिथे पोहोचणार कसा? अनेक इमारतींत तो खिडकीतून बाहेर निघतो, एक पाय छज्ज्यावर आणि दुसरा शेजारच्या पाइपवर ठेवतो, एका हाताने ग्रिल धरतो आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवतो. ना पट्टा, ना दोर. घरचे आतून म्हणतात, ‘सांभाळून रे बाबा.’ अशा जागी काम घाईत उरकले जाते, कॉइल नीट धुतली जात नाही आणि नट पूर्ण आवळला जात नाही. धोका मेकॅनिकचा, पण निकृष्ट कामाची किंमत घरमालकही मोजतो.

म्हणून जागा ठरवताना एक साधी कसोटी लावावी. दुरुस्ती करणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर, बाल्कनीत किंवा गच्चीत टेकतील का? उत्तर नाही असेल, तर जागा बदलण्याचे ते सर्वांत सबळ कारण आहे. पर्यायच नसेल तर बसवताना आणि नंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला सेफ्टी बेल्ट आणि तो अडकवण्यासाठी भक्कम जागा असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. मेकॅनिक ‘रोजचंच आहे’ म्हणाला तरीही.

सोसायटी आणि शेजाऱ्यांचे काय?

इमारतीची बाहेरची भिंत, डक्ट आणि गच्ची ही एका सदस्याची मालमत्ता नसते. त्यामुळे जागा बदलण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेच्या समितीची लेखी परवानगी घ्यावी. अर्जासोबत युनिट कुठे बसणार याचे साधे रेखाचित्र, मापे आणि पाइप कुठून जाणार याचा तपशील जोडला तर पुढचे वाद टळतात. भाड्याच्या घरात घरमालकाची संमतीही लागते. अलीकडेच ताबा मिळालेल्या इमारतीत आणखी एक मुद्दा असतो. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी विकासकावर असते. रहिवाशाने स्वतः भिंत फोडली, तर त्या ठिकाणच्या गळतीबाबत विकासक हात झटकू शकतो.

शेजाऱ्यांच्या तक्रारी मुख्यतः तीन असतात. गरम हवा, आवाज आणि पाणी. नव्या जागी युनिटचे तोंड कोणाच्या खिडकीकडे येत नाही ना, हे त्यांच्या घरात जाऊन पाहिलेले बरे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सैल स्टँड आणि झिजलेली रबरी पॅड रात्रीच्या शांततेत भिंतीतून थेट शेजाऱ्याच्या उशाशी पोहोचतात. ठिबकणारे पाणी इनडोअरच्या ड्रेन पाइपचे असते. ते खालच्याच्या छज्ज्यावर न सोडता सांडपाण्याच्या वाहिनीत न्यावे.

कामाच्या दिवशी काय पाहावे?

पहिला टप्पा जुना एसी उतरवण्याचा. जुने युनिट चालू स्थितीत असेल तर त्यातला गॅस आधी आउटडोअरमध्ये गोळा करून दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले जातात. याला मेकॅनिकच्या भाषेत पंप डाउन म्हणतात. हे काम स्वतः करून पाहण्याचे नाही. कॉम्प्रेसर सुरू असताना पाइप सुटला आणि हवा आत ओढली गेली, तर तेल-हवेचे मिश्रण दाबाखाली पेट घेऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. आधी वीज बंद, मगच पाइप मोकळा, हा क्रम पक्का हवा.

दुसरा टप्पा भोकाचा. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे आणि काम झाल्यावर नीट बुजवावे. नाहीतर जुलैत पावसाचे पाणी पाइपच्या कडेने घरात येते आणि रंग फुगतो. जुन्या जागेचे भोकही बुजवायला विसरू नये.

तिसरा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा व्हॅक्युमचा. पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढावाच लागतो. काही जण नट सैल करून युनिटमधलाच थोडा गॅस सोडतात आणि ‘हवा निघाली’ म्हणतात. हवा थोडीफार निघते, ओलावा निघत नाही. नव्या तेलात तो मिसळला की आम्ल तयार होते आणि दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर किंवा कॉइल जाते, तेव्हा या दिवसाची आठवण कोणालाच राहत नाही. चांगला तंत्रज्ञ गेज लावून सुमारे ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्युम खेचतो. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब याच मापात ७ लाख ६० हजार मायक्रॉन असतो, हे पाहता पाइप किती रिकामा व्हायला हवा ते लक्षात येईल. मग पंप बंद करून काटा जागेवर राहतो का, ते पाहायचे. तो वर सरकला तर कुठेतरी गळती किंवा ओलावा आहे.

गळती तपासण्यासाठी दाब द्यायचा तो नायट्रोजनचा. ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी आणला, तर काम तिथेच थांबवावे. तेलाशी संपर्क आला की ऑक्सिजनचा स्फोट होऊ शकतो. नायट्रोजन भरल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हेही पाहावे. शेवटी आउटडोअरला अर्थिंग मिळाले आहे का, वायर नव्या लांबीला पुरेशा जाडीची आहे का आणि मध्येच टेप गुंडाळून जोड दिलेला नाही ना, हे तपासून घ्यावे.

काम संपल्यावर वापरलेल्या पाइपची लांबी मोजून बिलाशी ताडून पाहावी, कारण जादा पाइपचे पैसे फुटाच्या किंवा मीटरच्या हिशेबाने लागतात. दर काम सुरू होण्याआधीच लेखी घेतलेला बरा. किती गॅस वाढवला, तेही बिलावर लिहून घ्यावे. वॉरंटीसाठी आणि पुढच्या मेकॅनिकसाठी तो आकडा मोलाचा असतो.

जुन्या युनिटचे काय करायचे?

एक्स्चेंज ऑफर नसेल तर जुने युनिट भंगारवाल्याकडे जाते. तो तांब्यासाठी पाइप कापतो आणि गॅस फुस्स करून हवेत सोडला जातो. एक किलो आर-२२ हवेत सोडणे हे तापमानवाढीच्या हिशेबाने सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे, शिवाय ओझोनची हानी वेगळी. एसी ई-कचऱ्याच्या नियमांत मोडतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे कंपनीमार्फत किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रामार्फत ते परत देणे हा योग्य मार्ग.

मग जागा बदलायचीच का?

प्रत्येकाने नाही. युनिटच्या पुढे-मागे मोकळी हवा आहे, पाइप मर्यादेत आहे, मेकॅनिक पाय रोवून काम करू शकतो आणि शेजाऱ्याची तक्रार नाही, अशी जागा असेल तर ती सोडण्याचे कारण नाही. तिथे फक्त स्टँड, फास्टनर आणि पाइप नवे घ्यावेत.

यातील एक गोष्ट जरी बसत नसेल, तरी एसी दुकानातून घरी येण्याआधी जागेचा निर्णय व्हायला हवा. बसवण्याच्या दिवशी मेकॅनिकला पुढच्या घरी जायची घाई असते, घरच्यांना आजच थंडावा हवा असतो आणि जुना अँगल समोर तयारच असतो. त्या घाईत ‘टाका तिथेच’ म्हटले की पुढची दहा वर्षे ते युनिट तिथेच राहते.